लिस्बनमध्ये काय पाहावे? एका जुन्या मार्गदर्शिकेच्या निमित्ताने

प्रवासाची आखणी ही वरकरणी अगदी व्यवहारी बाब. किती दिवस, किती खर्च, मुक्काम कुठे, जेवणाचे काय, एवढे ठरले की काम भागले असे आपण समजतो. तथापि ज्या शहराला आपण अवघे दोन दिवस देणार असतो, त्या शहराची आखणी करताना आपण नकळत एक निवाडा देत असतो. हे पाहण्याजोगे, ते वगळले तरी चालेल. येथे तासभर थांबावे, तेथून नुसते पुढे जावे. थोड्या दिवसांच्या प्रवासात वगळलेल्या गोष्टींची यादी पाहिलेल्या गोष्टींच्या यादीपेक्षा कितीतरी मोठी असते. म्हणूनच मार्गदर्शिका हा साहित्यप्रकार, कितीही साधा दिसला तरी, समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे कारण नाही. तिच्यात शहर असते, तसाच शहराकडे पाहणारा माणूसही असतो.

हा विषय आज हाती घेण्याचे निमित्त आपल्या धर्मग्रामांतूनच आले आहे. फातिमा मातेच्या यात्रेला जाणारी कुटुंबे आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. विमान लिस्बनला उतरते, फातिमा तेथून सुमारे सव्वाशे किलोमीटर. साहजिकच यात्रेच्या कार्यक्रमपत्रिकेत लिस्बनच्या वाट्याला येता किंवा जाता एखादा दिवस येतो. त्यात बसमधून शहरदर्शन, नदीकाठी छायाचित्रे, संत अंतोनीच्या चर्चमध्ये घाईघाईने एक प्रार्थना आणि संध्याकाळी बाजार. सात टेकड्यांचे शहर म्हणून ज्याची ख्याती, त्याची एकही टेकडी पायांखाली येत नाही. या पत्रिका तयार करणाऱ्यांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांचे गणित वेगळे असते. प्रश्न आपला आहे. लिस्बन हे आपल्याला युरोपातील इतर राजधान्यांसारखे आणखी एक शहर आहे काय? नसेल, तर त्याची आखणी इतरांसारखी कशी चालेल?

या प्रश्नाचा विचार करताना एका पुस्तकाची मदत घ्यावी असे आम्हांस वाटते. विसाव्या शतकातील पोर्तुगालचा सर्वश्रेष्ठ कवी फर्नांदो पेसोआ याने 1925 च्या सुमारास आपल्या शहराची एक मार्गदर्शिका लिहिली. प्रवाशाने लिस्बनमध्ये काय पाहावे, हेच तिचे शीर्षक. ती त्याने पोर्तुगीजमध्ये नव्हे, तर इंग्रजीत लिहिली. त्याच्या हयातीत ती छापली गेली नाही. 1935 मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या मागे एका पेटाऱ्यात पंचवीस हजारांहून अधिक कागद उरले. त्यांत ही टंकलिखित प्रत सापडली आणि 1992 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. गेली तीन दशके लिस्बनला जाणारे साहित्यप्रेमी ती आवडीने बाळगतात.

लेखकाची थोडी ओळख येथे आवश्यक आहे. पेसोआचा जन्म लिस्बनचा, तारीख 13 जून 1888. ही संत अंतोनीच्या सणाची तारीख आपल्या वाचकांना सांगावयास नको. संत अंतोनीचे बाप्तिस्म्याचे नाव फर्नांदो होते, आणि म्हणूनच या मुलाचे नाव फर्नांदो अंतोनियो ठेवण्यात आले. वडील लवकर वारले, आईने दुसरा विवाह केला आणि मुलगा दक्षिण आफ्रिकेतील दर्बान येथे गेला. तेथील एका कॉन्व्हेंटमध्ये आणि पुढे इंग्रजी शाळेत तो शिकला. 1905 मध्ये तो लिस्बनला परतला तो कायमचा. मोठा झाल्यावर त्याने कॅथलिक श्रद्धेपासून फारकत घेतली, आणि 1935 मधील एका आत्मपरिचयात आपण संघटित चर्चच्या, विशेषतः रोमच्या चर्चच्या, विरोधात असल्याचे त्याने स्पष्ट नोंदविले. त्याच टिपणात आपला वंश सरदार घराण्यांचा आणि ज्यूंचा संमिश्र असल्याचेही त्याने लिहून ठेवले आहे. हा शेवटचा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा; पुढे त्याचे काम पडणार आहे.

पुस्तकाची रचना सरळ आहे. प्रवासी आगबोटीने येतो, तेजो नदीच्या मुखातून सात टेकड्यांवर पसरलेले रंगीबेरंगी शहर त्याला दिसते. धक्क्यावर उतरताच लेखक त्याला मोटारीत बसवतो आणि राजधानी दाखवीत निघतो. चौक, पुतळे, उद्याने, वस्तुसंग्रहालये, चर्चे, राजवाडे यांतून फिरत फिरत मोटार बेलेंच्या जेरोनिमोस मठापर्यंत पोहोचते. पुढे सिंत्राची सहलही आहे. लेखक कोठेही ‘मी’ म्हणत नाही. तो ‘आम्ही’ म्हणतो, आदबीने म्हणतो, आणि पाहुण्याची मर्जी राखून बोलतो.

या पुस्तकाचा पहिला गुण म्हणजे त्यातील कळकळ. उर्वरित युरोपला आपला देश ठाऊक नाही, ठाऊक असला तरी त्याची किंमत नाही, ही खंत पेसोआला होती. पोर्तुगालचा परिचय इंग्रजी वाचकाला करून देण्याच्या मोठ्या संकल्पाचा ही मार्गदर्शिका एक भाग असावी असे अभ्यासक मानतात. घरी पाहुणा आला की गरीब यजमान कपाटातील ठेवणीतील भांडी बाहेर काढतो, तसे पेसोआने शहरातील प्रत्येक मोलाची वस्तू बाहेर काढून मांडली आहे. दुसरा गुण म्हणजे क्रम. स्थळे भूगोलानुसार येतात, त्यामुळे प्रवाशाची ओढाताण होत नाही. तिसरा गुण असा की, स्वतः चर्चपासून दुरावलेला असूनही चर्चविषयी लिहिताना तो खवचट होत नाही. कारागिराच्या हाताला तो मान देतो.

तथापि हेच गुण पुस्तकाच्या मर्यादाही दाखवितात. ज्याने पुढे जगाला थक्क करणारे अंतर्मुख गद्य लिहिले, त्याचा तो आवाज येथे जवळजवळ ऐकू येत नाही. प्रत्येक वास्तू सुंदर, प्रत्येक देखावा अप्रतिम, प्रत्येक संग्रह मोलाचा. सगळेच अप्रतिम म्हटले की वाचकाने थांबावे कोठे? इमारती आहेत, पुतळे आहेत, माणसे क्वचित. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही मोटार. मोटारीत बसलेल्याला टेकडी दिसते, लागत नाही. लिस्बनचे वैशिष्ट्य हे की तेथे प्रत्येक गोष्ट चढून मिळवावी लागते किंवा उतरून गाठावी लागते. धाप लागली की माणूस थांबतो, आणि थांबला की पाहतो. पेसोआच्या प्रवाशाला ही संधीच नाही. त्याच्याजवळ वेळ थोडा, म्हणून लेखकाने वेग वाढविला. आमच्या मते थोड्या दिवसांच्या भेटीचे सूत्र याच्या नेमके उलट असावे: दिवस थोडे, म्हणून स्थळे थोडी.

कोणती थोडी, हाच खरा समीक्षेचा प्रश्न. त्याचे उत्तर पाहणाऱ्यावर अवलंबून आहे. पेसोआने पुस्तक लिहिले ते आगबोटीतून उतरणाऱ्या इंग्रज पाहुण्यासाठी. आपण तसे पाहुणे नव्हेत. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली, ती 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी घेईपर्यंत दोनशे वर्षे त्यांच्याकडे राहिली. गोवा 1510 पासून 1961 पर्यंत. आपली आडनावे, आपल्या सणांची कित्येक नावे, चर्चच्या दर्शनी भागाची ठेवण, या साऱ्यांवर त्या राजधानीची छाया आहे. म्हणून लिस्बनमध्ये उतरलेला आपला माणूस दुकानांच्या पाट्यांवर परेरा, लोपीस, आल्मेडा ही नावे वाचतो आणि त्याला क्षणभर घरी आल्यासारखे वाटते. ही भावना सुखद आहे, पण ती तपासून घेतली पाहिजे. ही आडनावे आपल्याकडे रक्ताने आली नाहीत, बहुतांशी बाप्तिस्म्याने आली. धर्मपिता किंवा धर्मगुरू यांचे नाव नवख्रिस्ती कुटुंबाला मिळे. तेव्हा त्या शहरातील दर्यावर्द्यांच्या पुतळ्यांपुढे उभे राहून आपण कोणाचे वंशज म्हणून उभे आहोत, हा प्रश्न टाळता येत नाही.

या दृष्टीने आम्ही दोन दिवसांची जी वाट सुचवितो, तिचा आरंभ अल्फामाच्या टेकडीवर व्हावा. संत अंतोनीचा जन्म 1195 च्या सुमारास येथे झाला. जन्मस्थानी उभे असलेले आजचे चर्च 1755 च्या भूकंपानंतरचे आहे. खाली तळघरातील लहानशा खोलीत परंपरेने सांगितलेली जन्माची जागा आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1982 च्या मे महिन्यात तेथे प्रार्थना केली. बहुतेक यात्रेकरू येथवर येतात आणि परततात. आमचे सांगणे एवढेच की येथून वर चढावे. शेजारीच 1147 नंतर उभारलेले कॅथीड्रल आहे, आणि आणखी चढून गेल्यावर सांव व्हिसेंतचा मठ. तरुण फर्नांदोने संन्यस्त जीवनात पहिले पाऊल टाकले ते येथे, संत ऑगस्टिनच्या पंथात. फ्रान्सिस्कन झगा, मोरोक्कोचा ध्यास, इटलीतील प्रवचने आणि पदुआ हे सारे नंतरचे. हरवलेली वस्तू सापडावी म्हणून ज्याचा धावा आपण करतो, त्याचे स्वतःचे घर या दोन वास्तूंमधल्या चढावावर आहे. मोटारीने गेल्यास ते अंतर काही मिनिटांचे. पायी गेल्यास एका आयुष्याची दिशा कळते.

तेथून खाली उतरून बाइशा या सपाट भागात यावे. काटकोनात आखलेले हे रस्ते भूकंपाने निर्माण केले. 1 नोव्हेंबर 1755, सकळ संतांचा सण, सकाळची साडेनऊची वेळ उलटलेली. चर्चे मिस्साला आलेल्या भाविकांनी भरलेली, वेदीवर मेणबत्त्या. आधी भूकंप, मग समुद्राची लाट, मग त्याच मेणबत्त्यांनी आणि चुलींनी पेटलेली आग. हजारो माणसे मेली. सणाच्या दिवशी, मिस्साच्या वेळी, चर्चच्या छपराखाली माणसे का मरावीत, हा प्रश्न त्या काळी साऱ्या युरोपला पडला. येशूसंघीय धर्मगुरू गाब्रिएल मालाग्रिदा यांनी हा देवाचा कोप आहे असे लिहिले. मंत्री पोंबाल याला ते मानवले नाही. त्याने मृतांची व्यवस्था लावली, शहर नव्याने आखले, भिंतींत भूकंप सोसणारे लाकडी सांगाडे बसविले. त्यानेच 1759 मध्ये येशूसंघीयांना देशाबाहेर घालविले, आणि 1761 मध्ये मालाग्रिदांना इन्क्विझिशनच्या निवाड्याने रोसियो चौकात देहान्त शिक्षा झाली. आपत्तीचा अर्थ लावण्याची घाई धर्मोपदेशकाने करू नये, आणि त्याचा सूड घेण्याची घाई राज्यकर्त्याने करू नये, हे दोन्ही धडे त्या एका चौकात मिळतात.

रोसियोच्या उत्तरेला आज राष्ट्रीय नाट्यगृह आहे. ते 1846 मध्ये उघडले, आणि ज्या जागेवर ते उभे आहे तेथे पूर्वी इन्क्विझिशनचा वाडा होता. बाजूलाच सांव दोमिंगोसचे चर्च. आमच्या यादीतील हे सर्वांत महत्त्वाचे स्थळ, आणि यात्रेच्या पत्रिकांत बहुधा न आढळणारे. 1497 मध्ये राजा मानुएलने पोर्तुगालमधील ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा घ्यावयास लावला. त्यांना ‘नवख्रिस्ती’ म्हणत. 1506 च्या एप्रिलमध्ये, पास्काच्या सणानंतरच्या रविवारी, या चर्चमधील क्रूसावर प्रकाश दिसल्याचा बोलबाला झाला. एका नवख्रिस्त्याने शंका काढली, जमावाने त्याला ठार केले. दोन धर्मबंधूंनी जमाव भडकाविला आणि पुढील तीन दिवसांत दोन हजार किंवा त्याहून अधिक माणसे मारली गेली. राजाने पुढे त्या दोघांना देहान्ताची शिक्षा दिली, पण मेलेले परत येत नाहीत. 2000 साली लिस्बनचे पॅट्रिआर्क जुझे पोलिकार्पु यांनी ज्यूंच्या छळाबद्दल चर्चच्या वतीने क्षमा मागितली, आणि 2008 मध्ये चर्चसमोरच्या चौकात स्मारक उभे राहिले. चर्चची आतील बाजूही पाहण्याजोगी आहे. 1959 मधील आगीने खांब तडकले, दगड सोलून निघाला. नंतर छप्पर घातले, पण भाजलेल्या भिंती तशाच ठेवल्या. त्या भिंतींमध्ये आजही मिस्सा होते.

या ठिकाणी आपल्या माणसाने का थांबावे? कारण ‘नवख्रिस्ती’ हा शब्द आपलाही आहे. आपले पूर्वज हे नवख्रिस्तीच होते. कोणी श्रद्धेने, कोणी गरजेने, कोणी दबावाने बाप्तिस्मा घेतला असेल. त्याचा हिशेब आज कोणालाच लावता येणार नाही. पण बाप्तिस्म्यानंतरही त्यांच्या चालीरीतींवर, पोशाखावर, लग्नातील गाण्यांवर संशयाची नजर राहिली. गोव्यात 1560 मध्ये स्थापन झालेल्या इन्क्विझिशनची सत्ता वसईपर्यंत चाले. म्हणून आमचे मत असे की, त्या शहरात आपले सर्वांत जवळचे नातलग गलबतांवरचे कप्तान नव्हेत. ज्यांच्या ख्रिस्तीपणावर त्यांच्याच सहधर्मीयांनी विश्वास ठेवला नाही, ती सांव दोमिंगोससमोरची माणसे होत. पेसोआने आपल्या वंशात ज्यूंचे रक्त असल्याची नोंद केली होती, हे वर आलेच आहे. तरीही त्याच्या मार्गदर्शिकेचा स्वर जखमांपाशी थांबणारा नाही. पाहुण्यासमोर घरातील दुःख काढू नये, ही यजमानाची रीत त्याने पाळली. आपण पाहुणे नसल्याने ती रीत आपल्याला लागू नाही.

दुसऱ्या टेकडीवर कार्मोचा मठ आणि सांव रोकेचे चर्च जवळजवळ आहेत. कार्मो भूकंपात कोसळले, त्याच्या मध्यभागावर छप्पर पुन्हा चढविले नाही. मोकळ्या आकाशाखाली उभ्या असलेल्या त्या कमानी पाहताना वसई किल्ल्यातील उघड्या चर्चांची आठवण होणे अटळ आहे. एक देवाघरच्या आपत्तीने उघडे पडले, दुसरी युद्धाने आणि काळाने. या मठाचा संस्थापक सेनापती नूनो आल्वारेस परेरा पुढे येथेच साधा धर्मबंधू म्हणून राहिला, आणि 2009 मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्याला संतपद दिले. परेरा हे आडनाव लावणाऱ्या आपल्या कुटुंबांनी येथे अभिमान बाळगायचाच असेल, तर तलवार खाली ठेवणाऱ्या परेराचा बाळगावा.

सांव रोके हे येशूसंघीयांचे चर्च. येथील संत योहान बाप्तिस्ता यांचे लहान प्रार्थनामंदिर रोममध्ये 1742 ते 1747 या काळात बांधले, पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी त्यात मिस्सा अर्पण केली, मग ते सुटे करून जहाजांनी लिस्बनला आणले. ही कथा प्रत्येक वाटाड्या रंगवून सांगतो. आपल्या वाचकांनी मात्र तेथून संस्कारवस्त्रांच्या दालनात जावे. तेथे आंद्रे रेनोजो या चित्रकाराने 1619 च्या सुमारास रंगविलेली संत फ्रान्सिस झेविअर यांच्या जीवनावरील वीस चित्रे आहेत. 1622 मध्ये त्यांना संतपद मिळण्यापूर्वीची ही चित्रे. लिस्बनच्या धक्क्यावरून ते 7 एप्रिल 1541 रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, निघाले आणि पुढील वर्षीच्या मे महिन्यात गोव्यास पोहोचले. चित्रांत त्यांची सेवा, प्रवास आणि चमत्कार आहेत. 1546 मध्ये त्यांनी राजाला पत्र लिहून भारतात इन्क्विझिशन आणण्याची विनंती केली, हे चित्रांत नाही. रोगी उचलणारे हात आणि ते पत्र लिहिणारा हात एकच होता, हे कबूल केल्याने संतांविषयीचा आदर कमी होत नाही. आदर प्रौढ होतो.

याच धक्क्यावरून 4 एप्रिल 1579 रोजी आणखी एक प्रवासी निघाला. तो इंग्रज होता, येशूसंघात दाखल झालेला, आणि त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. 24 ऑक्टोबरला तो गोव्यास उतरला आणि 1616 मध्ये त्याचे ख्रिस्तपुराण मराठीत छापले गेले. आमच्या साहित्यिक परंपरेचा एक धागा असा थेट लिस्बनच्या पाण्यात जातो. येथे एक तुलना सुचते. पेसोआ पोर्तुगीज असून इंग्रजीत लिहितो, कारण परक्याने आपले वैभव पाहावे. स्टीफन्स इंग्रज असून मराठीत लिहितो, कारण आपल्याजवळचे धन दुसऱ्याच्या घरी त्याच्याच बोलीत पोहोचावे. दोघेही परभाषेत लिहितात, पण एक पाहुण्याला आपल्याकडे बोलावतो, दुसरा स्वतः पाहुणा होऊन दुसऱ्याच्या ओसरीवर बसतो. मार्गदर्शिका शिकविते पाहायला, आणि पुराण शिकविते राहायला. आमच्या मते चांगल्या प्रवाशात या दोन्ही वृत्तींचा थोडा थोडा अंश हवा.

तिसरी टेकडी एस्त्रेलाची. राणी मारिया पहिली हिने मुलगा व्हावा म्हणून नवस केला होता. तो फेडण्यासाठी 1779 मध्ये येशूच्या पवित्र हृदयाला वाहिलेल्या या भव्य बॅसिलिकेचे काम सुरू झाले आणि 1790 मध्ये संपले. ज्याच्यासाठी नवस, तो राजपुत्र जुझे 1788 मध्येच देवीच्या रोगाने वारला होता. नवस म्हणजे देवाशी केलेला सौदा समजणाऱ्यांनी या वास्तूसमोर क्षणभर उभे राहावे. जवळच्या एस्त्रेला रस्त्यावरील अनाथालयात 1920 च्या आरंभी फातिमाची बाळ जसिंता काही दिवस राहिली. तेथून तिला शहरातील दोना एस्तेफानिया इस्पितळात नेले. शस्त्रक्रिया होऊन दोन फासळ्या काढल्या. 20 फेब्रुवारीच्या रात्री, दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच, ती वारली; आईवडील जवळ नव्हते. 2017 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिला संतपद दिले. फातिमासाठी हजारो मैल येणारे आपले यात्रेकरू, तिचा अंत ज्या शहरात झाला त्या शहरातून खिडकीबाहेर पाहत निघून जातात, ही गोष्ट खटकण्यासारखी नाही काय? फातिमाची यात्रा खरे तर लिस्बनमध्येच सुरू होते.

उरलेला अर्धा दिवस बेलेंसाठी ठेवावा. जेरोनिमोस मठात वास्को द गामा, महाकवी कामोइंश आणि 1985 पासून स्वतः पेसोआ यांच्या समाध्या आहेत. मठाची नाजूक कोरीव दगडी जाळी पाहून मान आपोआप वर जाते. ती पाहताना एवढे स्मरावे की या बांधकामाचा खर्च आफ्रिकेच्या व पूर्वेच्या व्यापारावरील विसाव्या हिश्शाच्या करातून, म्हणजे बव्हंशी मिरीच्या पैशातून झाला. याच मठासाठी घडलेली सोन्याची परमप्रसाददर्शिका आता प्राचीन कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पूर्व आफ्रिकेतील किल्वाच्या राजाकडून वास्को द गामाने वसूल केलेल्या खंडणीचे ते सोने. काम 1506 मध्ये पूर्ण झाले. बारा प्रेषित गुडघे टेकून परमप्रसादाला वंदन करीत आहेत. ज्या वर्षी हे सोने घडले, त्याच वर्षी सांव दोमिंगोससमोर ते रक्त सांडले, आणि त्याच वर्षी नवार येथे फ्रान्सिस झेविअर यांचा जन्म झाला. भक्ती, हिंसा आणि पावित्र्य एका वर्षात इतकी जवळ येतात. जो इतिहास यांतील एकच बाजू सांगेल, तो अपुरा.

यावर काही वाचक म्हणतील, आम्ही जातो ते प्रार्थनेसाठी; जुनी दुःखे उकरून काढण्याने श्रद्धेला काय लाभ? हा आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु आपली श्रद्धा पश्चात्तापाच्या प्रार्थनेने मिस्सा सुरू करते, स्तुतीने नव्हे. जे वेदीसमोर योग्य, ते शहरासमोर अयोग्य कसे ठरेल? उलट दुसऱ्या टोकाचे काही तरुण म्हणतात, ते सारे साम्राज्यच लुटीचे, तेव्हा तेथे पाहायचे काय? त्यांनाही आम्ही सांगू की संत अंतोनी, जसिंता, तलवार ठेवणारा नूनो आणि मराठी शिकणारा स्टीफन्स यांना साम्राज्याच्या खात्यात टाकून मोकळे होणे हा सुद्धा आळसच आहे.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, त्यांच्यासाठी 28 क्रमांकाची जुनी ट्राम सांव व्हिसेंत, कॅथीड्रल, बाइशा, शियादो आणि एस्त्रेला यांना एका सूत्रात ओवते. गर्दी आणि खिसेकापू यांमुळे भल्या सकाळी बसावे. सांव रोकेच्या बाजूला चढणाऱ्या ग्लोरियाच्या दोरगाडीला 3 सप्टेंबर 2025 रोजी भीषण अपघात झाला आणि सोळा जण मृत्युमुखी पडले; तेव्हा आखणी तिच्या भरवशावर न करता शियादोवरून सावकाश पायी जावे. त्या चढावर मृतांसाठी एक प्रार्थना म्हणावी. वाटेत मार्तिरेसचे चर्च लागते. पेसोआचा बाप्तिस्मा तेथे झाला होता. जूनच्या 12 आणि 13 तारखांना संत अंतोनीच्या सणाने रस्ते फुलून जातात, आणि वृद्ध सोबत असल्यास त्या गर्दीचा विचार आधी करावा.

पेसोआच्या पुस्तकाचे मूल्यमापन शेवटी काय करावे? ते प्रेमाने लिहिलेले आहे, माहितीला पक्के आहे, आणि ज्याच्यासाठी लिहिले त्याच्या उपयोगाचे आहे. त्याचे नावच सांगते की प्रवाशाने काय पाहिले पाहिजे हे ते ठरविणार. आपल्यासाठी मात्र ते अर्धेच आहे, कारण प्रवाशाला जे पाहिलेच पाहिजे आणि वारसाला जे टाळता येत नाही, त्या दोन याद्या एक नसतात. पहिली यादी पेसोआने करून ठेवली आहे. दुसरी आपल्या धर्मग्रामांनी, यात्रेला निघण्यापूर्वी, चार कुटुंबांनी एकत्र बसून करावयाची आहे. तिच्यात स्थळे पाचसहाच असावीत; प्रत्येक स्थळी काय मागायचे, कशाबद्दल आभार मानायचे आणि कशाबद्दल क्षमा, एवढे मात्र घरून ठरवून निघावे.